मढेवाटेवरची तीन फाटकं

टॅरो नदी उठून आज अकरावा दिवस होता, आणि केझिया हॅलेट गेल्याचा पाचवा. म्हातारीला थंडाव्यात ठेवायचं म्हणून पाच दिवस बैठकीच्या खोलीत शेकोटी पेटवलेली नव्हती. खिडकी सताड उघडी होती आणि तिच्यातून टॅरोचा आवाज अखंड आत येत होता. तिच्या लेकीला, हेस्टरला, त्या आवाजाचा आता वीट आला होता. सकाळपासून ती चार वेळा दारात जाऊन आली. पायरीवर तिनं खडूनं रेघ ओढून ठेवली होती. उजाडताना पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं, आता रेघ दिसत नव्हती.

उन्हाळ्यात या टॅरोचा पत्ता नसायचा. पोरं तिच्या पात्रात गोट्या खेळायची, बाया झुडपांवर चादरी वाळत घालायच्या. पण टेकडी सगळी खडूची. पानगळीपासूनचा पाऊस तिच्या पोटात मुरत मुरत एकदा का गळ्याशी आला, की टॅरो उठायची. झऱ्यातून उठायची, विहिरीतून उठायची, एली गपीच्या तर थेट स्वयंपाकघराच्या फरशीतून वर यायची. मग मार्च सरेपर्यंत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. खाली टॅरो अ‍ॅबस गावाला जाणारा दोन मैलांचा रस्ता तिच्याच काठानं गेलेला, तो तिच्याबरोबरच बुडायचा.

आणि पुरायचं तर टॅरो अ‍ॅबसलाच. इथं वर, त्यांच्या अपटॅरो गावात, प्रार्थनेपुरतं चर्च होतं, दफनभूमी नव्हती. चारशे वर्षांपूर्वी खालच्या मठातल्या महंतांनी अपटॅरोवाल्यांना सांगून टाकलं होतं, देवाचं नाव तिथं घ्या, मढी इथं आणा. मठ गेला, महंत गेले, हुकूम मात्र राहिला. हेस्टरनं हे सगळं आपल्या वहीत लिहून ठेवलं होतं. गावच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं पोरं हाकता हाकता तिनं ती वही भरत आणली होती. कुठलं शेत कुणाचं, कुठल्या टेकाडाला काय नाव, कुठला बांध कधीचा. तिच्या मते अपटॅरोचं त्या वहीबाहेर फारसं काही उरलं नव्हतं.

"गाडी तयार आहे," रूबेन आत येत म्हणाला. थोरला भाऊ. बूट पुसायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं. "दोन घोडे जुंपलेत. पाणी चाकाच्या आसापर्यंत आहे, वर नाही. दहाला निघालो तर बाराच्या आत पाद्रीसाहेबांपुढे उभे राहू."

"आई पाण्यातून जाणार नाही."

"हेस्टर, आई आता काही म्हणत नाहीये."

"म्हणाली होती. तुझ्यासमोर म्हणाली होती. 'मला मढेवाटेनं न्या, कोरडी न्या.' तुझे कान तेव्हा कुठं चरायला गेले होते?"

रूबेन वाकून आता बूट पुसू लागला. त्याची बायको मर्सी टेबलापाशी पाव कापत होती, तिच्या सुरीचा वेग वाढला.

मढेवाट घरामागून टेकडीवर चढायची, लाँगमेडच्या लांबलचक कुरणातून तीन फाटकं ओलांडत पलीकडे उतरायची ती थेट दफनभूमीच्या भिंतीपाशी. टॅरो उठली असेल तेव्हा गावाचे मृतदेह पूर्वी याच वाटेनं जात. आणि लाँगमेड आता रूबेनचं होतं. दोन पिढ्या खंडानं कसलेलं ते कुरण, युद्धानंतर जहागीर मोडली तेव्हा त्यानं पै पै जोडून विकत घेतलं. त्या संध्याकाळी तो कुरणाच्या मधोमध एकटाच बसून राहिला होता, मर्सीला त्याला हात धरून घरी आणावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं पहिलं काम केलं ते म्हणजे फाटकांना साखळ्या लावल्या.

"एक मढं गेलं की वाट सगळ्या जगाची झाली," मर्सी पावाकडे बघतच म्हणाली. "कायमची. मग शहरातले लोक येतील कुत्री घेऊन. आमच्या व्यायला आलेल्या मेंढ्या कुणी सांभाळायच्या?"

"असा काही कायदाच नाही," ओबेड म्हणाला. धाकटा भाऊ. स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात फोरमन झाला होता आणि काल रात्री कसाबसा वरच्या रस्त्यानं नऊ मैलांचा वळसा घेऊन पोचला होता. "मढ्यानं रस्ता होतो म्हणे! आमच्या संघटनेच्या वकिलाला मी मुद्दाम विचारलं होतं. पोट धरून हसला तो."

"तुझ्या वकिलाला म्हणावं, इथं येऊन हस," रूबेन म्हणाला.

"इथलं आम्हाला शिकवू नकोस, ओबेड," हेस्टर त्याच दमात म्हणाली.

पाच दिवसांत भावाबहिणीचं एकमत झालेली ही एकच गोष्ट. ओबेडनं हात वर केले आणि चहाचा कप तोंडाला लावला.

"हे बघ," रूबेननं खुर्ची ओढली, पण बसला नाही. "मी नाही कुठं म्हणतोय? दर फाटकाला एक टाचणी खोच. पूर्वीपासूनची रीत आहे. टाचणी खोचली म्हणजे वाट मालकाची, तुम्ही विचारून गेलात. एवढं कर, मी स्वतः खांदा देतो आईला."

"टाचणी खोचायची नाही."

"का?"

"जी वाट चारशे वर्षं सगळ्या गावाची आहे, तिच्यावर तुझी परवानगी मागायची? आज मागितली की संपली ती वाट. महंतांनी दिलेली वाट तू साखळीत बांधलीस, आणि वर मीच तुला त्याची पावती देऊ?"

"आईला न्यायचंय का तुझ्या वहीला?"

हे लागलं. हेस्टर उठून पुन्हा दाराकडे गेली. खरं सांगायचं तर आईची इच्छा किती आणि वाटेचा हट्ट किती, याचा हिशेब तिनं स्वतःशीही केलेला नव्हता, आणि कुणी करायला लावावा हे तिला मुळीच नको होतं. वहीत एक अख्खं पान होतं मढेवाटेवर. 'ही वाट पूर्वापार सर्वांस खुली. गेली साठेक वर्षे वापरात नाही; कारण माहीत नाही.' ते शेवटचं वाक्य तिला कायम खुपायचं. आज ते खोडून काढायची संधी होती.

"हेस्टर," ओबेड मागून हळूच म्हणाला, "एक टाचणीच तर आहे गं. खोच आणि मोकळी हो."

"काल रात्री तू म्हणालास मी बरोबर आहे."

"काल रात्री मी नऊ मैल चिखल तुडवून आलो होतो. तेव्हा तू काहीही म्हणाली असतीस तरी मी हो म्हणालो असतो."

कोपऱ्यातून खोकला ऐकू आला. थर्झा मावशी, केझियाची धाकटी बहीण, वय वर्षं ऐंशी, शाल लपेटून बसली होती. सकाळपासून तिनं चकार शब्द काढला नव्हता, आणि थर्झा मावशी गप्प बसली की घरातल्या सगळ्यांना धडकी भरायची.

"काय गं मावशी?"

"काही नाही. चहा गार आहे."

दहाला एली गपी आणि बाकीचे खांदेकरी आले. सहा जण, काळे कोट, गुडघ्यापर्यंत ओले. बैठकीच्या खोलीत जाऊन हेस्टरनं आईचा चेहरा शेवटचा पाहिला. आई गेली त्याच दिवशी तिनंच तिला न्हाऊमाखू घातलं होतं. रोजच्या झग्याच्या गळपट्टीला आतून एक वाकडी, काळवंडलेली टाचणी होती. ती काढून तिनं सवयीनं आपल्या कोटाच्या कॉलरला टोचली आणि विसरून गेली. आईला असल्या चिंध्या-टाचण्या जपायची खोडच होती.

झाकण बसलं. चौघांनी पेटी उचलली, दोघे मागे राहिले. अंगणात रूबेनची गाडी उभी होती आणि घोडे पाण्याकडे बघून कान मागे टाकत होते.

"कुठं?" एलीनं विचारलं.

"वर," हेस्टर म्हणाली.

एलीनं रूबेनकडे पाहिलं. रूबेननं टोपी डोक्यावर दाबली आणि कुणाशी काही न बोलता ढांगा टाकत टेकडी चढू लागला. सगळ्यांच्या आधी फाटकापाशी पोचायला.

वाट निसरडी होती. खडूचा पांढरा चिखल बुटांना चिकटत होता. वारा समोरून अंगावर येत होता. हेस्टर पेटीच्या मागे चालत होती. तिला थांबवत नव्हतं आणि पोचायचंही नव्हतं. खाली टॅरो सगळ्या दरीत पसरलेली दिसत होती. कुंपणांच्या नुसत्या रांगा पाण्यातून वर डोकावत होत्या, आणि चर्चच्या घड्याळात साडेदहा वाजून गेले होते.

पहिल्या फाटकाशी रूबेन साखळीवर हात ठेवून उभा होता. फाटकाशेजारी एक सपाट दगड होता, पूर्वी पेट्या टेकवायला ठेवलेला. एलीनं न सांगता पेटी त्याच्यावर टेकवली. सगळे धापा टाकत होते.

"उघड," हेस्टर म्हणाली.

"टाचणी."

"नाही."

"मग खाली चला. गाडी उभी आहे."

"लोक काय म्हणतील तुला, रूबेन? सख्ख्या आईला वाटेत अडवली!"

"आणि तुला काय म्हणतील? सख्ख्या भावाकडं नुसतं मागायला जीभ रेटेना! म्हणतील ते म्हणोत. हे कुरण घ्यायला माझी पंचवीस वर्षं गेली. तुझी वही काय, पुसून पुन्हा लिहिता येईल."

"रूबेन, उघडा हो," मर्सी एकदम म्हणाली. ती नवऱ्याच्या बाजूनं बोलायला आली होती, पण पेटी समोर दगडावर पाहिली आणि तिचा धीर सुटला. "असं उघड्यावर नका ठेवू त्यांना. गारा पडतील."

"तूसुद्धा?"

"मी कुठं काय म्हणतेय? उघडा एवढंच म्हणतेय."

"आपण परत जाऊ," ओबेड म्हणाला. "गाडीच बरी. आईला काय कळतंय आता..."

"ओबेड, तोंड बंद ठेव!" हेस्टर ओरडली. ओरडताना तिचा आवाज फाटला आणि खांदेकऱ्यांनी माना खाली घातल्या. "पाण्यातून नाही नेणार मी तिला. इथंच बसेन. बारा वाजू देत, चार वाजू देत."

"बस," रूबेन म्हणाला.

तेवढ्यात काठी टेकत टेकत थर्झा मावशी वर आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं, कुणी हात दिला नव्हता. ती पेटीशेजारी त्या दगडाच्या कडेला बसली आणि श्वास खाली बसेपर्यंत सगळ्यांना तिनं ताटकळत ठेवलं.

"तुझ्या वहीत काय लिहिलंयस गं?" मग तिनं विचारलं. "ही वाट बंद का पडली?"

"कारण माहीत नाही, असं लिहिलंय."

"माहीत नाही?" मावशीनं पेटीवर थाप मारली. "कारण या पेटीत आहे."

मावशीनं काठी मांडीवर आडवी घेतली.

"तुमच्या आधी हिला एक मुलगी होती. लेटिस. खालच्या दफनभूमीत भिंतीला लागून एवढासा दगड आहे, तो तिचा."

"माहीत आहे," रूबेन म्हणाला. "तान्ही असताना गेली."

"अकरा महिन्यांची. असाच फेब्रुवारी होता, अशीच टॅरो उठलेली. तुमच्या बापानं, जोसायानं, ती चिमुकली पेटी नुसती कवेत घेतलेली. मागं केझिया, मागं मी. लाँगमेड तेव्हा म्हाताऱ्या स्क्विबकडं होतं. तू उभा आहेस ना रूबेन, तिथंच तो उभा होता. म्हणाला, टाचणी खोचा आणि जा. जोसाया बिचारा लगेच तयार झाला, कॉलरची टाचणी काढलीसुद्धा. आणि ही!" मावशीनं पेटीकडे मान उडवली. "ही म्हणाली, नाही. वाट आमची आहे. माझा आजा इथून गेला, मी कुणाची परवानगी मागणार नाही. टाचणी तिनं जोसायाच्या हातातून हिसकावून घेतली, पेटी कवेतून घेतली, आणि फिरली मागं. खाली गेली. पाण्यात शिरली."

वाऱ्यानं मावशीची शाल उडाली. मर्सीनं ती सावरली.

"कमरेइतकं पाणी. जोसाया मागून हाका मारतोय. मधोमध हिचा पाय घसरला आणि पेटी सुटली. वाहत गेली. पार वळणावरच्या झाडाच्या मुळ्यांत अडकली तेव्हा हाती लागली. आतून बाहेरून चिंब. तशीच पुरली लेकराला. गावानं स्क्विबचं नाव टाकलं, ही वाटही टाकली. तेव्हाची माणसं मरेपर्यंत मनात त्यालाच शिव्या देत राहिली, पोरांपुढं कुणी विषय काढला नाही. केझियानं एका शब्दानं सांगितलं नाही की तो जाऊ देत होता."

"आणि तू?" हेस्टरनं कसंबसं विचारलं. "तूही नाही सांगितलंस?"

"मला एकदाच म्हणाली होती. 'थर्झा, ताठ्यापायी मी माझं लेकरू पाण्यात टाकलं.' असलं काय चारचौघांत सांगतात?" मावशीनं नाक पुसलं. "'कोरडी न्या' म्हणाली ना ती तुला? 'हक्कानं न्या' म्हणाली का?"

हेस्टरचा हात कॉलरकडे गेला. वाकडी, काळवंडलेली टाचणी तिथंच होती. तिनं ती काढली आणि तळहातावर धरून मावशीपुढे केली.

"हीच," मावशी म्हणाली. "साठ वर्षं गळ्याशी बाळगली बाईनं."

हेस्टरनं टाचणी मुठीत मिटली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. आईचा राग, मावशीचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण सकाळी तिनं आईचंच म्हणणं बोलून दाखवलं होतं, आणि त्याच ताठ्यापायी आता आईला उघड्यावर ठेवून बसायला निघाली होती. ती फाटकाच्या ओकच्या खांबापाशी गेली. रूबेन बाजूला सरकला.

"रूबेन, आम्हाला जाऊ दे," ती म्हणाली. त्याच्याकडे तिला बघवलं नाही.

टाचणी आत जाईना. लाकूड जुनं, टणक, वर शेवाळ चढलेलं. तिनं नखानं शेवाळ खरवडलं आणि बोटाला काहीतरी टोचलं. आणखी खरवडलं. गंजलेलं एक टोक. शेजारी दुसरं. खाली तिसरं. तिनं दोन्ही हातांनी शेवाळाचा पापुद्रा ओढून काढला.

खांब टाचण्यांनी भरलेला होता. शंभर असतील, दोनशे असतील. काहींची डोकी शिल्लक होती, काहींचे नुसते तांबडे ठिपके उरले होते. कमरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत, आजे, पणजे, बाळंतिणी, तान्ही पोरं. अपटॅरोतून गेलेलं प्रत्येक माणूस इथं थांबून, विचारून गेलं होतं.

"अरे देवा," ओबेड म्हणाला.

हेस्टर नुसती बघत राहिली. अठ्ठावीस वर्षं तिनं पाद्रीसाहेबांची जुनी कागदपत्रं उपसली, नकाशे उतरवून घेतले, म्हाताऱ्यांना भंडावून सोडलं. या फाटकावरून हजारदा गेली. खांबाला कधी हात लावला नाही. पूर्वापार सर्वांस खुली! केझियाचा आजासुद्धा टाचणी देऊनच गेला होता, आणि ते केझियाला ठाऊक नव्हतं.

रूबेन वाकून खांबाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची कसलीही खूण नव्हती. इतक्या जणांनी मागितलं होतं आणि इतक्या जणांना मिळालं होतं. साखळी लावणारा तो पहिलाच.

हेस्टरनं एका मोकळ्या चिरेत आईची टाचणी दाबली. ती गेली आत. रूबेननं साखळी काढली, तिचा खळखळाट झाला आणि मेंढ्या दूर पळाल्या.

"उचला," एली म्हणाला.

दुसऱ्या फाटकाला मावशीनं शालीची टाचणी दिली. "थंडीनं मेले तर मलाही इथूनच न्या," ती म्हणाली, "पण टाचणी तुमची तुम्ही आणा." मर्सी हसली आणि हसता हसता रडायला लागली.

गावाचा वाटेवरचा हक्क गेला होता. आता मढेवाट रूबेनची, त्याच्या पोरांची. हेस्टरला त्याचं वाईट वाटलं, वाटणारच होतं. वहीतलं पान फाडावं लागणार होतं. पण आई कोरडी होती आणि खाली दफनभूमीची भिंत दिसायला लागली होती.

तिसऱ्या फाटकाशी सगळे थांबले. हेस्टरनं कॉलर चाचपली, खिसे चाचपले. मर्सीनं टोपी काढून पाहिली. ओबेडनं रेल्वेचं एक तिकीट बाहेर काढलं आणि परत ठेवलं. खाली घंटा सुरू झाली. बारा.

"जाऊ दे," एली म्हणाला, "दोन झाल्यात की."

"दर फाटकाला एक," रूबेन म्हणाला.

हेस्टरच्या अंगाचा पुन्हा भडका उडणार होता. पण रूबेननं तिच्याकडे पाहिलंच नाही. त्याच्या दंडाला मर्सीनं सकाळी काळी फीत टाचली होती. त्यानं तिची टाचणी काढली. फीत खाली पडली, ती त्यानं चिखलातून उचलून खिशात कोंबली. मग स्वतःच्याच फाटकाच्या खांबाशी तो वाकला, जाड बोटांनी बराच वेळ खटपट करत राहिला. दोनदा टाचणी वाकली, दोनदा त्यानं ती दातांनी सरळ केली.

"ही लेटिसची," तो म्हणाला. "तेवढी राहिली होती."

मग फाटक सताड उघडून तो परत आला, एलीला बाजूला सारून त्यानं पेटीखाली खांदा घातला आणि म्हणाला, "सांभाळून. पुढं उतार आहे."